बैलगाड्यांची ओवरी

कुवेतमध्ये घराला व्हिला म्हणतात. भोवती कुंपणाची भिंत, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि दाराशी तीन-चार मोटारी एवढं जमलं की झाला व्हिला. मी इथे आल्यापासून अशा व्हिलांचे पाये, खांब आणि स्लॅब यांची गणितं करत आलो आहे. घर पडू नये, एवढंच माझ्याकडे असतं. ते कसं दिसावं हे ठरवणारी माणसं वेगळी. मीटिंगमध्ये चहा त्यांच्यापुढे आधी येतो.

इतक्या वर्षांत बऱ्याच फॅशन माझ्या हाताखालून गेल्या. आधी स्पेनसारख्या कमानी आल्या. मग फ्रान्ससारखी उतरती छपरं आली. तिकडे त्यांच्यावरून बर्फ घसरतो, इकडे वाळू. मग काचेच्या पेट्या आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ काचा झाकणारे जाड पडदे. असं घर कुवेतमध्ये पहिलंच, असं दरवेळी मालकाला वाटतं आणि दरवेळी मी मान डोलावतो. निवृत्तीला थोडंच उरलं असताना इटली आली.

मालक पन्नाशीचा, मऊ आवाजाचा, एका जुन्या व्यापारी घराण्यातला. त्याच्या आजोबांची गलबतं होती. ती बसऱ्याहून खजूर घेऊन मुंबईला जात आणि लाकूड, तांदूळ, मसाले घेऊन परत येत. नातू उन्हाळ्यात सहकुटुंब इटलीला गेला होता. तिथे उत्तरेकडच्या सपाट शेतांमध्ये त्याला एक जुनी सरदारी हवेली दिसली. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि फोटोवर बोट टेकवलं. मध्ये उंच पांढरं घर, त्याला देवळासारखा दर्शनी भाग, खांब आणि वर त्रिकोण. दोन्ही बाजूंना कमानींच्या लांबलचक, बुटक्या ओवऱ्या. भोवती नजर पोचेल तिथवर हिरवं शेत.

"हे," तो म्हणाला. "पण प्लॉटमध्ये बसेल असं."

प्लॉट कोपऱ्याचा होता. मागे सहकारी भांडाराचं गोदाम, जिथे सकाळपासून दुधाच्या गाड्या मागे येताना पीं-पीं करतात. बाजूला शेजाऱ्याची भिंत, हात लांब केला तर लागेल अशी. हिरवं म्हणाल तर कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पेटीचा रंग.

मूळ इमारतीबद्दल वाचायची पद्धत आमच्या ऑफिसात नाही. फोटो पुरतो. मला मात्र वाचायची खोड आहे, आणि या वयात खोड जात नाही. शुक्रवारी घरी बसून मी त्या प्रकारच्या हवेल्यांचे जुने नकाशे काढले, दोन-तीन जाड पुस्तकं चाळली. जे कळलं त्यानं मला बरं वाटलं. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचंही सोंग उघडं पडलेलं पाहून वाटतं तसं.

त्या हवेल्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या. पिढ्यान् पिढ्या समुद्रावर कमावलं, मग सोळाव्या शतकाच्या सुमारास समुद्राचा भरवसा वाटेना, तेव्हा त्यांनी पैसा जमिनीत घातला. दलदली उपसल्या, पाट काढले, धान्य पेरलं. पण कारभाऱ्यावर सोडलं तर धान्य पोत्यात कमी आणि बाहेर जास्त जातं, म्हणून हंगामात स्वतः येऊन राहणं भाग. तेव्हा शेतावर घर हवं. आणि शेतावरचं असलं तरी सरदाराचं दिसायला हवं. पाथरवटापासून वर चढलेल्या एका हुशार वास्तुकारानं यावर तोड काढली. तोवर देवापुरता राखलेला खांब-त्रिकोणाचा देखावा त्यानं शेतघराच्या तोंडावर चढवला. खांब संगमरवरी दिसतात ते विटांचे आहेत, वरून चुन्याचा गिलावा. आतल्या भिंतींवर रंगवलेली खोटी दारं, खोटे सज्जे, आणि खोट्या सज्ज्यातून डोकावणाऱ्या खोट्या बायका. माळ्यावर धान्य. तळघरात स्वयंपाक आणि दारूची पिंपं. दोन्ही बाजूंच्या त्या देखण्या ओवऱ्यांमध्ये बैलगाड्या, नांगर, गवताच्या पेंढ्या. म्हणजे राई नावाच्या इथल्या औद्योगिक भागातल्या कारखान्यातून आम्ही साच्यातले पोकळ खांब आणतो, आणि गच्चीचं पावसाचं पाणी त्यांच्या पोटातल्या पाइपातून खाली सोडतो, त्याबद्दल फार मनाला लावून घेण्याचं कारण नाही. परंपरा जुनी आहे.

फोटोतल्या हवेलीची आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. तिच्या समोर पायऱ्या नव्हत्या. शेतातून थेट वरच्या दारापर्यंत एक रुंद, फरसबंदी, संथ उतार चढत गेला होता. घोड्यावरून न उतरता वर जाता यावं म्हणून तो केला, असं काहींचं मत. त्यावर धान्य वाळवत आणि मळत, असं दुसऱ्यांचं. मी नाशिक जिल्ह्यातला आहे. चांगली सपाट फरशी, ऊन आणि वारा दिसला की तिथे खळं होणार, हे मला पुस्तकानं सांगायची गरज नव्हती.

आमच्या नकाशात या उताराच्या जागी संगमरवरी पायऱ्या आल्या. आमचा आर्किटेक्ट अलेक्झांड्रियाचा, माझ्याच वयाचा, दिलदार माणूस. तो मला 'बाशमुहंदिस' म्हणतो, म्हणजे मोठे इंजिनिअर. एसीचा गॅस भरायला येणाऱ्यालाही तो तेच म्हणतो.

"मूळ घराला उतार आहे," मी त्याला म्हणालो.

"बाशमुहंदिस, उतार कुठे असतो? गॅरेजला आणि हॉस्पिटलला. कोण पैसे देईल घराला हॉस्पिटल दिसण्यासाठी?"

"तिथल्या सरदारानं दिले."

"त्याच्याकडे घोडा होता. याच्याकडे लँड क्रूझर आहे."

प्लॉटच्या मापात दोनऐवजी एकच ओवरी बसली. दुसरी शेजाऱ्याच्या भिंतीशी कापली गेली, त्यामुळे दर्शनी भाग एक हात खिशात घातलेल्या माणसासारखा दिसायला लागला. उरलेल्या ओवरीत आर्किटेक्टनं दिवानिया काढला. दिवानिया म्हणजे इथल्या घरातली पुरुषांची बैठक. तिला रस्त्याकडून वेगळं दार असतं, संध्याकाळी घरमालकाचे मित्र, नातेवाईक येतात, भिंतीला टेकून बसतात, कॉफी पितात, आणि माणसाची पत त्याच्या बैठकीला कोण येतं यावरून ठरते. सगळ्यांत मानाचे पाहुणे बैलगाड्यांच्या जागी बसणार होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तळघरात सिनेमाघर हवं होतं, आणि त्याला खिडक्याही हव्या होत्या, म्हणून मुख्य मजला रस्त्यापासून माणसाच्या उंचीएवढा वर गेला. ओवरी तेवढी जमिनीलगत राहिली. सांगाडा उभा झाला, पायऱ्यांचं काँक्रीटही पडलं, आणि हिवाळ्यातल्या एका सकाळी मालक आपल्या आईला घर दाखवायला घेऊन आला.

आई ऐंशीच्या पलीकडची. काळा अबाया, जाड चष्मा, चाकांची खुर्ची. खुर्ची ढकलायला केरळची एक नर्स. मी साइटवर होतो. सगळे तिला 'हज्जिया', म्हणजे हज करून आलेली, म्हणत होते, मीही म्हणालो. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम किधर का?"

"नाशिक का, हज्जिया. बंबई के पास."

"मालूम है नासिक. उधर से अंगूर आता था." लहानपणी ती वडिलांबरोबर मुंबईत राहिली होती, त्यांची तिथे पेढी होती. तिची हिंदी बाजारातली, बिनधास्त, व्याकरणाला न विचारता चालणारी. मग ती पायऱ्यांकडे वळली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मैं कैसे जाएगी?"

मुलानं उत्तर तयार ठेवलं होतं. मागे, स्वयंपाकघराच्या अंगणातून लिफ्ट होती. खुर्ची सरळ आत जाईल, लिफ्टनं वर, तिची खोली बागेकडे. बाग म्हणजे गोदामाची बाजू, पण ते तो बोलला नाही. ती माझ्याकडेच पाहून बोलली, बहुधा मुलाला अरबीत हे सुनावणं तिला जड गेलं असतं म्हणून.

"मैं क्या भाजी का टोकरी है, किचन से अंदर आएगी?"

नर्सनं तोंड दुसरीकडे फिरवलं. मालक पुढे वाकून अरबीत काहीतरी समजूत घालू लागला, "यम्मा, यम्मा," करत. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी तिनं सांगितलं ते मलाही समजेल इतक्या सोप्या अरबीत होतं. ज्या दारानं पाहुणे येतात त्या दारानं ती या घरात येईल. नाहीतर धाकट्याकडे राहील.

यात काय पणाला लागलं होतं ते परक्याला चटकन कळणार नाही. इथे शुक्रवारी दुपारी सगळी भावंडं, सुना, जावई, नातवंडं आईच्या घरी जेवतात. आई जिथे, तिथे शुक्रवार. मोठ्या ताटांत मजबूस, म्हणजे इथला मसालेदार मांसाचा भात, येतो, चादरी अंथरल्या जातात, भांडणं होतात आणि मिटतात. थोरल्यानं हा सगळा खटाटोप केला होता तो शुक्रवार त्याच्या घरी यावा म्हणून. आई धाकट्याच्या फ्लॅटमध्ये गेली, तर शुक्रवार तिकडे जाणार आणि हा आपल्या खांबांखाली बायको-मुलांसह जेवत बसणार. मुलं तर जेवण फोनवरून मागवतात.

पुढचे काही आठवडे मी उतार बसवत होतो. खुर्चीसाठीचा उतार उंचीच्या निदान बारापट लांब लागतो, आणि या घरासमोर मोटार उभी लावली की जागा संपते. सरळ गेलो असतो तर उतार रस्ता ओलांडून समोरच्याच्या फाटकात संपला असता. वळणाचा काढला, आर्किटेक्ट म्हणाला, विमानतळ झाला. पायऱ्यांच्या कडेनं खुर्ची वर नेणारी यांत्रिक पाटी सुचवली. मालकानं तिचा फोटो आईला दाखवला. तिनं विचारलं, सिमेंटच्या गोण्या नेतात तीच ना. मजला खाली आणता येत नव्हता, तो ओतून झाला होता. फोटोतल्या मूळ घराला हवा तो उतार होता, फक्त त्याच्यासोबत शेत होतं.

संध्याकाळी एगैला भागातल्या माझ्या घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर पुन्हा तेच कागद पसरायचो.

"अहो, ती म्हातारी तुमची कोण लागते?" बायको म्हणाली.

"कोणी नाही."

"मग बेसिनचा नळ कोण लागतो ते तरी ठरवा. महिना झाला गळतोय."

"उद्या बघतो."

"इटलीत नळ नव्हते वाटतं." तिनं कागद गोळा करून ताटं मांडली. ती बँकेत काम करते, दिवसभर लोकांच्या सह्या तपासते, आणि तिला माझ्यासारख्या माणसांचा कंटाळा येतो तेव्हा ती विनोद करते. मला राग आला नाही. राग यायलाही जरा ताकद लागते.

उताराचा शेवटचा नकाशा घेऊन मी साइटवर गेलो तेव्हा हज्जिया आधीच येऊन बसली होती. मालक ठेकेदाराशी फोनवर बोलत होता. नर्सनं खुर्ची ओवरीत आणून लावली होती, कारण सावली तिथेच होती. मी नकाशा गुंडाळूनच ठेवला. उतार त्यात घराच्या अंगावर बांधलेल्या पट्टीसारखा दिसत होता, आणि मलाच तो आवडला नव्हता.

"इधर क्या बनेगा?" तिनं विचारलं.

"दिवानिया, हज्जिया."

"और उधर? इटली में? इधर क्या था?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बैलगाडी, हल, घास, अनाज. वर मोठ्या घरात मालक हंगामापुरता येऊन राहायचा, थंडी पडली की शहरात परत. खरं काम चालायचं ते इथे. पाऊस असला तरी मालक आपल्या खोलीतून निघून न भिजता धान्यापर्यंत येईल अशी ही जागा केलेली होती. वर खांब कसले होते, विटांचे, तेही सांगितलं. तिला ते फार आवडलं. विटांचे, असं ती दोनदा म्हणाली.

मग तिनं तिच्या वडिलांच्या घरातली एक खोली सांगितली, जुन्या गावातली, समुद्राजवळची. रस्त्याच्या दाराला लागून, तांदळाच्या गोण्या आणि खजुरांची. उन्हाळ्यात दुपारी घरातल्या सगळ्या बायका तिथे जाऊन बसायच्या, कारण घरातली सगळ्यांत थंड जागा ती. पुरुष छान बैठकीत घाम पुसत बसायचे. "मोटा दीवार. ऐसा," म्हणून तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. मग खुर्ची वळवून घेतली, दाराकडे पाहिलं. तिथे अजून दार बसलं नव्हतं, पण चौकट होती, रस्त्याच्या पातळीला, रुंद. त्या जागी येणारं सागवानी कोरीव दार शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये तयार होत होतं. घरातलं सगळ्यांत महागडं दार ते.

"मेहमान लोग इधर से आएगा?"

"हां."

"तो मैं इधर से आएगी. इधर रहेगी."

मालक फोन संपवून आला तेव्हा तिनं त्याला अरबीत सांगितलं. त्याला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तो माझ्याकडे पाहू लागला, जणू ही चूक माझ्या गणितातली. मग दोघांचं जे झालं त्यातलं निम्मं मला समजलं. दिवानिया कुठे जाणार? वर, मोठ्या दालनात. पण पाहुण्यांना एवढ्या पायऱ्या? त्यांना पाय नाहीत का. लोक काय म्हणतील, आई रस्त्याच्या दाराशी राहते? लोक म्हणतील आई खाली राहते, आणि खालीच जेवायला येतील. शेवटच्या वाक्यानंतर त्यानं फोन खिशात टाकला. शुक्रवार त्यानं मनात तोलून पाहिला असावा. दोन-तीन दिवसांनी ऑफिसात नकाशा बदलण्याचा निरोप आला.

नकाशा बदलणं म्हणजे मालकासाठी एक वाक्य असतं. माझ्यासाठी ओवरीत न्हाणीघर आलं, त्याचं सांडपाणी उलट्या दिशेनं न्यायचं आलं, वरच्या दालनात माणसांचा भार वाढला म्हणून दोन तुळयांची गणितं पुन्हा आली, आणि परवानगीसाठी सगळे कागद नव्यानं बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीवर गेले. आर्किटेक्ट दुःखी होता. "बाशमुहंदिस, मी त्या ओवरीत संध्याकाळचा प्रकाश योजला होता." मी म्हणालो, प्रकाश आहे तिथेच आहे, फक्त म्हातारीच्या अंगावर पडेल. त्यानं मला कॉफी पाजली.

घर पुरं झालं, माणसं राहायला गेली, आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी काचेच्या पेटीकडे वळलो. एक उन्हाळा गेल्यावर मालकाचा फोन आला. वरच्या दालनात भिंतीला चीर दिसते आहे. चीर म्हटलं की इंजिनिअरला जावं लागतं. मी संध्याकाळच्या नमाजानंतर गेलो.

ओवरीचं कोरीव दार सताड उघडं होतं. बाहेर चपलांची रांग, पुरुषांच्या चपला, चांगल्या कातड्याच्या. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि त्यात मधूनमधून हज्जियाचा, सगळ्यांवर ताण करणारा. मी जिना चढून वर गेलो. पायऱ्यांना कठडा नव्हता. फोटोत नव्हता म्हणून.

वर मोठ्या दालनात मालक एकटा बसला होता. भिंतीला लागून सोनेरी काठांचे कोच, सगळे रिकामे. छतावर ढग आणि गुबगुबीत पोरं, छापील. त्याच्यासमोर कॉफीची पितळी सुरई आणि लहान कप मांडून ठेवलेले. तो उठला, माझा हात हातात घेऊन तब्येत विचारली, बायकोची विचारली. मी चीर पाहिली. केसाएवढी होती, गिलाव्याची, घराच्या अंगातली नव्हे. उन्हाळ्यात कुटुंब बाहेरगावी असताना इथला एसी बंद ठेवला होता का, मी विचारलं. होता. म्हणूनच, मी म्हणालो. हे दालन बंद ठेवलं तरी थंड ठेवावं लागेल.

खाली पुन्हा हशा झाला. तो ऐकत होता.

"माझेच लोक आहेत," तो म्हणाला. "येतात, आधी आईला सलाम करायला जातात. ते बरोबरच आहे. तिला सलाम न करता वर कसे येतील. मग ती म्हणते बसा, चहा घ्या." त्यानं सुरईचं झाकण उगाच उचलून पाहिलं. "गुडघे दुखतात सगळ्यांचे."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवारी सगळे येतात. खालीच." यावर तो हसला, आणि त्या हसण्यात तक्रार फारशी नव्हती. मग तो खिडकीशी जाऊन खाली समोरच्या जागेकडे पाहत राहिला. "मुहंदिस, तो उतार. आता करता येईल?"

"जागा नाही," मी म्हणालो. "तेव्हाही नव्हती."

त्यानं मान डोलावली. मग त्यानं एका हातात सुरई घेतली, दुसऱ्या हातात एकात एक रचलेले कप घेतले, आणि मला पुढे व्हायला सांगितलं. दारापाशी कोपरानं बटणं दाबून त्यानं झुंबरं विझवली. एसी तेवढा चालू ठेवला.